हर्बर्टची वही आणि शोशनाचा डबा

रविवारी दुपारी हॅमिल्टनहून रिचमंड हिलला येणाऱ्या चाळीस नंबरच्या बसमध्ये डावीकडच्या खिडकीशी एक सडपातळ गृहस्थ बसलेले असतात. कडक इस्त्रीचा शर्ट, वर निळा स्वेटर, मांडीवर शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा. एवढं नटूनथटून कुठे निघालात, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "पत्ते खेळायला." आणि मग कुणी काही विचारलेलं नसताना, "फक्त पत्ते खेळायला."

हे हर्बर्ट सॅम्युएल किहीमकर. वय बहात्तर. घराणं अलिबागजवळच्या किहीमचं, बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, जन्म भायखळ्याचा आणि गेली चव्वेचाळीस वर्षं मुक्काम हॅमिल्टन. तिथल्या एका पोलाद कारखान्याच्या वजनकाट्यावर या माणसानं एकतीस वर्षं काढली. भंगाराचा ट्रक भरलेला आत आला की वजन, रिकामा बाहेर गेला की वजन. एकतीस वर्षांत एकही पावती फिरवून लिहावी लागली नाही, हे त्यानं सांगितलं नाही असा मराठी माणूस हॅमिल्टनपासून टोरोंटोपर्यंत सापडायचा नाही. निवृत्त झाला त्या दिवशी साहेबांनी भाषणात हर्बर्टच्या सचोटीचं कौतुक केलं, तर हा मध्येच उठून म्हणाला, "एकतीस वर्षं नाही सर, एकतीस वर्षं चार महिने."

बायको मिरियम सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा व्हँकुव्हरला असतो. तो दर शुक्रवारी फोन करतो, गुडघा कसा आहे विचारतो आणि ठेवतो. म्हणजे हर्बर्टच्या आठवड्यात एक फोन आणि एक रविवार.

रविवार म्हणजे शोशनाचं बेसमेंट.

शोशना पेणकर ही मिरियमची शाळेपासूनची मैत्रीण. वय एकोणसत्तर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एका हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीमागे तिची नोकरी झाली, त्यामुळे समोरचा माणूस किती भरू शकेल हे तिला त्याच्या चपलांवरून कळतं. तिच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी दोन ते सव्वापाच पोकरचा डाव बसतो. पूर्वी रमी असायची. मग टेबलावरच्या मोहन सबनीसांनी टीव्हीवर पोकरची स्पर्धा पाहिली आणि रमी त्यांना पोरकट वाटायला लागली. पोकरमध्ये तरी ते जिंकतील, अशी इतरांची आशा होती. ती अजून आहे.

शोशना स्वतः खेळत नाही. ती पानं वाटते, चहा करते आणि नाल कापते. अड्डेवाला जिंकणाऱ्याच्या राशीतून आपला वाटा बाजूला काढतो, त्याला आपल्याकडे नाल म्हणतात. डाव संपला की शोशनाची दोन बोटं राशीकडे जातात, पंचवीस सेंटचं एखादं नाणं उचलतात आणि बिस्किटांच्या जुन्या निळ्या डब्यात टाकतात. कधी एक, कधी दोन. त्यातून नवे पत्ते, चहा, खिमा पॅटिस आणि बेसमेंटचा हीटर. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ते आपण विचारायला नको.

गेल्या हिवाळ्यापर्यंत टेबलावर सहा जण होते. एक मुलाकडे विनिपेगला गेले, दुसऱ्यांनी डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर पत्ते सोडले. राहिले चार : हर्बर्ट, मोहन सबनीस, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई, आणि कॉन्डो विकणारी मृणालिनी, जी एका कानाला फोन लावून उरलेल्या कानानं खेळते आणि तरीही मोहनरावांना हरवते. शोशनाची मुलगी शिरा आईच्या मागे लागली होती की बेसमेंट कॉलेजच्या मुलांना भाड्यानं दे. शोशनानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "चार माणसं आहेत तोवर टेबल आहे. तिघांसाठी मी हीटर लावणार नाही. ज्या दिवशी चौथा गेला, त्या दिवशी जाहिरात."

हे ऐकून हर्बर्टनं मान हलवली होती. जाणारा चौथा कोण, असा प्रश्न त्याला पडला नाही. पडायला हवा होता.

कारण मोहनराव. आयुष्यभर त्यांनी एका विमा कंपनीत क्लेम तपासले. खोटं बिल ते वासावरून ओळखत. पण स्वतःच्या हातात बरी पानं आली की त्यांचे दोन्ही कान लाल होत, आणि वाईट पानांवर थाप मारायची असली की एकच, डावा. हे सगळ्या टेबलाला ठाऊक होतं, एक मोहनराव सोडून. प्रमिलाताई त्यांना दर रविवारी वीस डॉलर मोजून देत. ते संपले की मोहनराव वर जाऊन टीव्ही लावत, आणि हल्ली जाता जाता म्हणत, "मी आपला ब्रिजला जाईन म्हणतो. तिथे डोकं लागतं."

जानेवारीत हर्बर्ट दारासमोरचा बर्फ शोव्हल करताना पायरीवरून घसरला. गुडघा सुजला, तीन रविवार घरी बसावं लागलं. मुलानं फोनवर सुचवलं, "डॅड, ऑनलाइन का नाही खेळत?" शिरा टोरोंटोत एका ऑनलाइन पोकरच्या साईटवर नोकरी करते, हे हर्बर्टला ठाऊक होतंच. तिचीच साईट निवडली. ओळखीच्या वाण्याकडून साखर घ्यावी, तसं.

दोन सेंट-पाच सेंटचं टेबल. रोज सकाळी नाश्ता झाला की हर्बर्ट खेळायला बसे. आणि तो जिंकत होता! समोरच्यांची पानं त्याला अशी कळत होती, जणू त्यांचेही कान दिसताहेत. तीन आठवड्यांनी त्यानं खात्यात पाहिलं, तर चाळीस डॉलर कमी.

वजनकाट्यावरच्या माणसाला हे कसं पचावं? ट्रक आत आला, ट्रक बाहेर गेला, मधलं भंगार गेलं कुठे? हर्बर्टनं नवी वही काढली आणि प्रत्येक डावाची नोंद उघडून उतरवायला बसला. तेव्हा ते सापडलं. प्रत्येक डावाच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ : साईटची फी. एक सेंट, तीन सेंट, चार सेंट. बेरीज केली. माणसांकडून त्यानं जिंकले होते एकतीस डॉलर. साईटनं त्याच्या राशींतून कापले होते एकाहत्तर.

"चोर!" हर्बर्ट रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडला. त्याला बरं वाटलं. पण "कोण रे?" म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा ओरडला नाही.

चौथ्या रविवारी गुडघ्याला पट्टा बांधून तो रिचमंड हिलला पोचला, तर शिरा आईच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होती. हर्बर्टनं चिक्कीचा पुडा तिच्या गाडीच्या टपावर ठेवला आणि वही उघडली.

"शिरा, एकाहत्तर डॉलर! तुमची माणसं बसून खातात काय?"

"हाय हर्बर्ट अंकल. गुडघा कसा आहे?"

"गुडघा मरू दे. ही फी कोण ठरवतं?"

शिरानं फावडं बर्फात रोवलं. "ॲक्चुअली... मी. म्हणजे माझी टीम."

हर्बर्ट दोन पावलं मागे सरला. या पोरीच्या बारशाला त्यानं चांदीचा वाळा दिला होता.

"सिंपल आहे अंकल. रास जेवढी, त्याचे पाच टक्के. वर एक मर्यादा. रास कितीही मोठी झाली तरी त्याच्यापुढे घेत नाही. आणि पहिली तीन पानं उघडायच्या आधीच सगळ्यांनी हातातली पानं टाकली, तर काहीच नाही."

"मर्यादा! माझ्या डावाला एकदा तरी लागली का मर्यादा?"

"तुमच्या टेबलावर रास तिथपर्यंत पोचतच नाही ना."

"म्हणजे दोन सेंटवाल्याकडनं पुरेपूर घ्यायचं आणि शंभर डॉलरवाल्याला सवलत?"

"शंभरवाले एक टक्का वाढवला तरी दुसऱ्या साईटवर जातात. ते लगेच नोटीस करतात. दोन सेंटवाले कुणी नोटीस करत नाही." शिरा वहीकडे बघून हसली. "तुम्ही सोडून."

"मग ठरवता कशावरून? मनाला येईल तो आकडा?"

"नाही हो. दुसऱ्या साईट्स किती घेतात ते बघतो. सरकारचा वाटा असतो. पण मेन गोष्ट वेगळीच." तिनं हातमोजे काढले. "आम्ही जिंकणाऱ्याकडे बघतच नाही. हरणारा किती दिवस टिकतो, ते बघतो. समजा कुणी पन्नास डॉलर घेऊन आला. तो हरणारच आहे. पण ते पन्नास चार दिवसांत गेले तर तो परत येत नाही. चार महिने पुरले तर म्हणतो, मजा आली. फी जास्त ठेवली तरी तो लवकर संपतो, आणि तुमच्यासारखे दहा जण त्याच्या टेबलावर बसले तरी लवकर संपतो. म्हणून महिन्याच्या शेवटी आम्ही फीमधलं थोडं परत देतो. हरणाऱ्याला जास्त. तुमच्यासारख्यांना कमी."

"मला किती दिलं?"

"चेक करावं लागेल. डॉलर-सव्वा डॉलर असेल."

"म्हणजे मी डोकं लावून जिंकतो, त्याचा दंड? ही काय धर्मादाय संस्था आहे?"

"धर्मादाय कसली, धंदा आहे. तो उठला की टेबल उठलं, अंकल."

आता एवढं सगळं कान देऊन ऐकल्यावर शहाण्या माणसानं काय घ्यावं? हर्बर्टनं घेतले फक्त पाच टक्के. बाकीचं त्यानं ड्राइव्हवेवरच सोडलं आणि चिक्की घेऊन जिना उतरला.

खाली पहिलाच मोठा डाव त्यानं जिंकला. साडेतीन डॉलरची रास. शोशनाची दोन बोटं आली, दोन नाणी उचलून गेली. पन्नास सेंट. हर्बर्टच्या डोक्यात वजनकाटा हलला. साडेतीन डॉलरला पन्नास सेंट म्हणजे किती टक्के? ती चोर साईट पाच घेते. आणि ही?

पुढचे चार रविवार वही टेबलाखाली गुडघ्यावर. डाव कुणाचा, रास केवढी, नाल किती. मृणालिनीनं एकदा विचारलं, "काका, खाली काय लिहिताय?" तर म्हणाला, "गुडघ्याचा व्यायाम."

आणि आकडे असे बोलायला लागले, की हर्बर्टला चहा गोड लागेना. चार रविवारांत डब्यात पडले एक्केचाळीस डॉलर. प्रमिलाताईंच्या राशींतून सहा, मृणालिनीच्या राशींतून साडेपाच. मोहनरावांनी चार रविवारांत सहा डाव जिंकले होते, आणि सहाही वेळा शोशनाची बोटं त्या राशीपर्यंत गेलीच नव्हती. ती नेमकी तेव्हा चहा ओतायला उठे, किंवा पत्ते पिसायला घेई. मोहनरावांपुढे हर्बर्टनं सहा आडव्या रेघा मारल्या होत्या. उरलेले साडेएकोणतीस डॉलर हर्बर्टचे. एकट्याचे.

बायकांकडून डॉलरला चार सेंट. त्याच्याकडून चौदा.

पैशाचं दुःख नव्हतं हो. साडेएकोणतीस डॉलर म्हणजे काय, महिन्याचं बसभाडंही नाही. पण शोशनानं? मिरियमच्या मैत्रिणीनं त्याच्यासाठी वेगळा काटा ठेवावा? पाचव्या रविवारी बसमध्ये तो भाषणाची तयारी करत आला. शेजारच्या बाईंनी सीट बदलली.

डाव सुरू व्हायच्या आधी तो उभा राहिला. "सगळ्यांनी ऐका. मी काही आकडे वाचणार आहे."

"तब्येत बरी आहे ना भावजी?" प्रमिलाताईंनी विचारलं.

हर्बर्टनं वाचले. तारखा, राशी, नाल. आवाज कारखान्यातला, स्पष्ट, थंड. शोशनाच्या हातातले पत्ते पिसता पिसता थांबले. मोहनराव आधी खूश झाले. "वा! शोशनाताई, किहीमकरांकडून चौदा टक्के? झकास! याला वीस लावा, वीस!"

"आणि मोहनराव सबनीस," हर्बर्टनं शेवटची ओळ वाचली, "डाव सहा, नाल शून्य."

मोहनरावांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त आतून कुणी दिवा बंद केला.

"शून्य म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडनं ती घेतच नाही."

"का?"

मृणालिनीनं आयुष्यात पहिल्यांदा वाजणारा फोन बंद केला.

"का घेत नाही?" मोहनरावांनी शोशनाकडे पाहिलं. "मी हरतो म्हणून? मला काय सदावर्तातलं जेवण वाढताय, शोशनाताई? एकोणतीस वर्षं मी लोकांची खोटी बिलं पकडली, आणि इथे माझी फी माफ? फुकट्या म्हणून?" त्यांनी वीस डॉलर उचलून खिशात घातले. कान पांढरे पडले होते. तसे कुणी कधी पाहिले नव्हते. "चला हो. आपण ब्रिजला जाऊ."

प्रमिलाताई उठल्या. जाताना त्यांनी हर्बर्टकडे असं पाहिलं, की त्याला उगीच स्वतःच्या शर्टाची बटणं तपासावीशी वाटली.

शोशनानं निळ्या डब्याचं झाकण लावलं. ओरडली नाही, आणि तेच वाईट. म्हणाली, "झालं समाधान?"

"पण शोशना, हिशेब बरोबर आहे—"

"हिशेब बरोबरच असणार. तुझा कधी चुकलाय?" तिनं हीटरचं बटण फिरवलं. "शिराला सांगते जाहिरात टाकायला. पाच वाजून पस्तीसची बस आहे तुझी. आज तीनचीही मिळेल."

सोमवारपासून हर्बर्ट पुन्हा साईटवर. आता हेच आपलं टेबल, असं त्यानं मनाला बजावलं. त्याच्या सकाळच्या टेबलावर एक जण नेहमी असायचा, 'पॅनकेकडॅड' नावाचा. सगळ्या डावांत शिरायचा, सगळे हरायचा, आणि हरला की गप्पांच्या चौकटीत लिहायचा, 'नाइस हँड सर.' हर्बर्टला तो मनापासून आवडे. बुधवारी तो दिसला नाही. गुरुवारीही नाही. त्याचे पन्नास डॉलर संपले असावेत.

त्याच्या जागी येऊन बसला एक हर्बर्टसारखाच. आता टेबलावर सगळेच हर्बर्ट. कुणी चुकत नव्हतं. कुणी थाप मारत नव्हतं. चार जण एकमेकांकडून एकेक सेंट जिंकत होते, परत हरत होते, आणि दर फेरीला खालची बारीक ओळ आपला वाटा कापत होती. तासाभरानं त्यानं पाहिलं, तर चौघांचेही पैसे कमी झालेले. जिंकलेलं कुणीच नाही.

तेव्हा त्याला ड्राइव्हवेवर सोडून दिलेलं वाक्य आठवलं. तो उठला की टेबल उठलं, अंकल.

हर्बर्टनं वही ओढली. तेच आकडे, पण आता ते दुसऱ्या बाजूनं वाचायला लागला. मोहनरावांकडून शून्य. का? त्यांचे वीस डॉलर सव्वापाचपर्यंत पुरावेत म्हणून. त्याच्याकडून चौदा. का? मोहनरावांचे वीस जायचे कुठे, तर हर्बर्टच्या खिशात. तिथून शोशना ते थोडे थोडे काढून घेई, म्हणजे त्याची रास फुगू नये, त्यानं मोठ्या बोली लावून मोहनरावांना एका डावात झोपवू नये. डब्यातून त्यांच्यासाठी पॅटिस. मिरियम गेल्यापासूनची सहा वर्षं ही बाई दोन बोटांनी टेबल तोलत होती. शिराला त्यासाठी टीम लागते.

आणि टेबल मोडलं तर कुणाचं काय जाणार होतं? सबनीसांना ब्रिज होता, नातवंडं होती. मृणालिनीला कॉन्डो होते. शोशनाला उलट बेसमेंटचं भाडं मिळालं असतं.

हर्बर्टनं चहा केला. प्यायला विसरला.

मग त्यानं जे केलं, ते मिरियम असती तर तिनंही मानलं नसतं. तोच पेन घेतला, आणि एकतीस वर्षं चार महिने ज्या हातानं एक पावती फिरवली नव्हती, त्या हातानं मोहनरावांपुढच्या सहा आडव्या रेघांवर सहा वेळा २५ लिहिलं. डब्यातली बेरीज हलून चालणार नव्हती, म्हणून स्वतःच्या साडेएकोणतीसचे अठ्ठावीस केले. दोनदा उठून त्यानं खिडकीचा पडदा नीट केला, जणू समोरच्या घरातून साहेब बघतोय.

शुक्रवारी सकाळी तो सबनीसांच्या दारात. कामाच्या दिवशी चाळीस नंबर बसमध्ये त्याला पाहून ड्रायव्हरसुद्धा म्हणाला असेल, आज रविवार कसा?

"मोहनराव, मी चुकलो," हर्बर्ट दारातच म्हणाला. हे शब्द त्यानं आधी कधी वापरले नव्हते, त्यामुळे थोडे मोठ्यानं बाहेर पडले. "माझ्याकडनं मोजण्यात चूक झाली. तुमचा नाल ती घेत होती. मी ती नाणी माझ्या खात्यात धरली. ही वही बघा."

"आत या आधी. बूट काढा," प्रमिलाताई म्हणाल्या.

मोहनरावांनी चष्मा बदलला. जवळचा लावला. वही खिडकीच्या उजेडात धरली, थोडी तिरकी केली, अंगठ्यानं कागद चाचपला. एकोणतीस वर्षांची सवय. हर्बर्टनं पाहिलं, आणि आता त्यालाही दिसलं : प्रत्येक पंचविसाच्या पोटातून एक आडवी रेघ आरपार गेली होती. मोतीबिंदू झालेल्या माणसालाही दिसली असती.

मोहनरावांनी बोट ओलं केलं. पान उलटलं. पुन्हा मागे आले.

"मला वाटलंच होतं," एकाएकी प्रमिलाताई बोलल्या. "यांच्या राशीतनं शोशनाताईंनी नाणं घेतलेलं मी स्वतः पाहिलंय. दिवाळीच्या आदल्या रविवारी. तुम्ही भावजी, नको तिथे शहाणपणा करायला जाता."

मोहनरावांनी बायकोकडे पाहिलं, मग हर्बर्टकडे. चष्मा काढला. डावा कान हळूहळू लाल होत होता.

"हिशेब," ते म्हणाले, "तपासला. बरोबर आहे. क्लेम मंजूर." आणि वही परत देताना, "पण किहीमकर, चुकलो म्हणायचं ते सगळ्यांसमोर. मोठ्यानं. आणि ही वही पुन्हा कुणाला दाखवू नका. तुमच्यानं नाही जमायचं हे काम."

रविवारी दोन वाजता शोशनाच्या बेसमेंटमध्ये हीटर चालू होता. सबनीसांनी फोन केला होता की कुणी केला होता, ते कळलं नाही. शिरा मोजपट्टी घेऊन भिंतीशी उभी होती, भाड्याच्या जाहिरातीत खोलीचं माप द्यायला.

हर्बर्ट उभा राहिला. "मागच्या वेळी मी वाचलेले आकडे चुकीचे होते. मोहनरावांचा नाल दीड डॉलर. तो मी धरला नव्हता. मी चुकलो."

"काय म्हणालात काका?" मृणालिनीनं फोन खाली ठेवला. "रेंज नव्हती."

"चुकलो!" हर्बर्ट ओरडला.

"आईशप्पथ," मृणालिनी म्हणाली. "हे रेकॉर्ड करायला हवं होतं."

शोशना हर्बर्टकडे बघत होती. बिलाच्या खिडकीमागून बघावं तशी. वही त्याच्या हातात नव्हती, हे तिनं पाहिलं. तो इस्त्रीशिवायचा शर्ट घालून आला होता, हेही. मग तिनं पानं वाटली.

तिसऱ्या डावाला मोहनरावांचे दोन्ही कान लाल. सगळ्यांनी पानं टाकली, फक्त हर्बर्ट अडून राहिला. त्याच्या हातात बरं काही नव्हतं, आणि मोहनरावांकडे काहीतरी आहे हे भिंतीपाशी उभ्या शिरालाही दिसत होतं. तरी तो शेवटच्या पानापर्यंत पैसे भरत राहिला. मोहनरावांनी दोन राजे उलटवले. सव्वाचार डॉलरची रास.

आता सगळ्यांचे डोळे शोशनाच्या बोटांवर. ती चहाला उठली नाही. तिनं सावकाश हात पुढे केला, मोहनरावांच्या राशीतून पंचवीस सेंट उचलले, सर्वांना दिसतील असे धरले आणि निळ्या डब्यात उंचावरून टाकले. ठण्ण.

"घ्या, घ्या," मोहनराव मागे रेलून म्हणाले. "इथे काही कुणाला फुकट नको."

पुढचा डाव हर्बर्टनं जिंकला. रास दोन डॉलर. शोशनानं त्यातून एक लूनी घेतली. म्हणजे डॉलरचं अख्खं नाणं. पन्नास टक्के! शिरा भिंतीपाशी खोकली. हर्बर्टनं राशीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पानं वाट."

साडेतीनला मोहनराव वॉशरूमला गेले. शोशना चहाच्या किटलीकडे वळताना मोहनरावांच्या जागेशी थांबली. पंचवीस सेंटचं एक नाणं त्यांच्या राशीवर ठेवायला तिनं हात नेला, तर तिथे आधीच कुणाचा तरी हात होता. हर्बर्टचा. त्याच्याही बोटांत पंचवीस सेंट.

"तू कशाला?" ती पुटपुटली.

"तू घेतलेस ना, ते मी भरतो."

"ठेव खिशात. तुझ्याकडनं नाल घेतलाय मी मघाशी." तिनं आपलं नाणं ठेवलं. "लूनी कशाला घेतली वाटतं तुला?"

प्रमिलाताई आपल्या पानांकडे इतक्या एकाग्रतेनं बघत होत्या, की पानं उलटी धरली आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नाही. शिरानं मोजपट्टी गुंडाळली आणि खिशात घातली. "आई, टीममध्ये जागा आहे एक," ती म्हणाली, आणि वर निघून गेली.

मोहनराव परत आले, बसले, आपली नाणी मोजली, भुवया उंचावल्या, आणि मोठ्या मनानं गप्प राहिले.

सव्वापाचला मोहनरावांपुढे अजून सव्वादोन डॉलर शिल्लक होते. शोशनानं पत्ते गोळा केले. "उठा आता. याची बस आहे." मग पॅटिस खिम्याचे होते आणि त्यांच्यात मांसाबरोबर दूध घेत नाहीत, म्हणून बिनदुधाचा, गवती चहाचा एक पेला तिनं झाकणाच्या मगात ओतला, हर्बर्टच्या हातात दिला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी इस्त्री करून ये. लोक म्हणतील, हरलेला दिसतो."

लोक काय म्हणतील याची तिला पर्वा होती, असं नाही. आणि लोक म्हणायचं ते गेली सहा वर्षं म्हणतच आहेत. पण पुढच्या रविवारी चाळीस नंबरच्या बसमध्ये हर्बर्ट कडक इस्त्रीच्या शर्टात बसला होता, मांडीवर चिक्की, आणि खिशात वेगळ्या काढून ठेवलेल्या पाच लूनी. नालाच्या.